टिकली लावलेलं टरफल

मी एक रिकामं टरफल बोलतोय. कोणाचं, ते एवढ्यात विचारू नका. त्या एका प्रश्नापायी मी जळता जळता वाचलो, आणि त्याचं खरं उत्तर मला अजूनही ठाऊक नाही.

सध्या माझा मुक्काम रावेरकडच्या एका केळीच्या मळ्यात आहे. गोठ्याच्या कोनाड्यात, श्रीखंडाच्या प्लास्टिकच्या डब्यात. मी सुकलोय, सुरकुतलोय, अंगावर एक लांब चीर आहे. आणि डोक्यावर लाल टिकली. होय, बायका कपाळाला लावतात तीच.

माझा जन्म उकिरड्यात झाला. त्याची मला लाज नाही. गोठ्यामागे शेण, केळीची वाळकी पानं आणि कापलेल्या खांबांचे तुकडे यांचा जो ढीग असतो, तो आतून बाळंतिणीच्या खोलीसारखा ऊबदार असतो. आईनं जागा पारखून घेतली होती. आम्ही भावंडं एकमेकांना घट्ट चिकटलेली होतो. मी तेवढा कडेला, सुटा.

सुरुवातीला आई आमच्याभोवती वेटोळं घालून असायची. तिचं वजन आठवतं, तिचा गारवा आठवतो. मग एकदा कुत्रं भुंकलं, ढीग हादरला आणि ते वजन निघून गेलं. ती नागीण होती की धामण? मी काय सांगू? फणा काढला असेल तर तो बाहेरच्यांसाठी. आमच्याकडे तिचं पोट होतं, आणि पोटाकडून सगळ्या आया सारख्याच असतात.

माझ्या आतही कोणीतरी राहायला होतं. नाव-गाव न सांगता खोली घेतलेल्या भाडेकरूसारखं. रोज थोडं वाढायचं, कूस बदलायचं. मला त्याची माया होती आणि धाकही होता. आपल्या पोटात विष आहे की नाही हेच ज्याला माहीत नाही, त्यानं निवांत पडावं तरी कसं?

ढिगावर रोज सकाळी एक पाऊल यायचं. हलकं आणि बिचकतं. ती मयुरी, या घरची नवी सून. शिरपूरकडची. उन्हाळ्यातच लग्न होऊन आलेली. शेणाची टोपली रिकामी केली की ती तिथंच उभी राहून माहेरी फोन लावायची. घरात भिंतींना कान होते आणि केळीत आत शिरलं की रेंज नव्हती. दोन्हींवर तोडगा एकच, उकिरडा.

“नही वं माय, बठ्ठं बरं शे. तू जेवनी का?” सगळं बरं आहे, एवढंच सांगायची. मग नाक ओढायची, पदरानं तोंड पुसायची आणि घराकडून हाक आली की अगदी शुद्ध मराठीत म्हणायची, “आले, आई.” तिचं बोलणं दोन खोल्यांचं होतं. एक सासरची, एक उकिरड्यावरची.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी, भावाच्या उपासाच्या दिवशी, ती फावड्यानं पानं सारखी करत होती. फावड्याची कड माझ्यापासून बोटभर अंतरावर घुसली. छप्पर उडालं, उजेड आत पडला. एवढ्या उजेडाची मला सवय नव्हती. वाटलं, संपलं.

पण ती ओरडली नाही. वाकून बघत राहिली. मग तिनं मला उचललं.

आता तुम्ही म्हणाल, उकिरड्यातली अंडी कोण असं हातानं उचलतं? तर ऐका. तिच्या माहेरी अंडं घरात येत नाही आणि सासरीही येत नाही. आयुष्यात तिनं अंडं हातात धरलेलं नव्हतं. टीव्हीवर मात्र पांढरं आणि लांबटगोल पाहिलेलं होतं. बांधापलीकडे राहणारी, मळ्यात कामाला येणारी बेबाबाई आठवडाभर कुरकुरत होती की तिची काबरी कोंबडी कुठंतरी दुसरीकडेच अंडी घालते. मयुरीनं दोन्ही गोष्टी जुळवल्या. शेजाऱ्याची वस्तू आपल्या ढिगात नको, म्हणून मला हातात घेऊन ती सरळ बांधाकडे निघाली.

चालताना मी तिच्या हातात इकडून तिकडे कलंडत होतो. आतला भाडेकरू घाबरून गोळा झाला होता. उलटा केलात तर तो गुदमरेल, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण टरफलाला तोंड फुटतं ते फक्त एकदाच, शेवटी.

“मावशी, तुमच्या काबरीचं अंडं,” मयुरी म्हणाली. “आमच्या ढिगात घालते ती. पण तिला कॅल्शियम कमी पडतंय वाटतं. फार मऊ आहे.”

बेबाबाईनं पाहिलं आणि ती दोन पावलं मागे सरली.

“अवं माय! टाक ते! कोंबडीचं नै ते, सापाचं हाये!”

मयुरीनं मला टाकलं नाही. याला धीर म्हणू नका. भीतीनं तिची बोटंच उघडेनात.

बेबाबाईच्या ओरडण्यानं सगळं घर अंगणात गोळा झालं, आणि मयुरी मला तशीच हातात धरून परत आली. सासू धुरपदाबाई पुढे आल्या, पण हातभर लांबच थांबल्या.

“कोंबडीचं समजून का व्हईना, शिवलीच ना तू अंड्याले! तेबी आज, उपासाच्या दिवशी!”

“आई, पण साप...”

“ते बी हायेच. पहिले आंघोय कर.”

“सापाचं अंडं उपासाले चालते का नै, ते मंग ठरव,” सासरे रतिलाल नाना खाटेवरून म्हणाले. “कोनत्या सापाचं हाये ते पाय आधी.”

हसलं कोणीच नाही. कारण भीती खरी होती. गेल्या साली पलीकडच्या मळ्यात घड कापताना एका माणसाला नाग चावला होता. त्याला जीपमध्ये घातलं, पण वाटेतच तो गेला. त्याची चप्पल कितीतरी दिवस बांधावर पडून होती. कोणी उचलायला तयार नव्हतं. या घरातली माणसं रोज त्या बांधावरून जातात.

मयुरीचा नवरा भूपेंद्र. त्यानं माझा फोटो काढून शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. उत्तरं धडाधड आली. नाग. धामण. घोरपड. कासव. एकानं मोराचं म्हणून सांगितलं, एकानं नुसतेच हात जोडले.

मग त्यानं मोबाइलची बॅटरी लावली आणि मयुरीच्या हातावरच मला खालून उजेड दाखवला. मी आरपार उजळलो. माझ्या भिंतींवरच्या लाल शिरा, मध्ये काळपट गुंडाळी. आणि ती गुंडाळी हलली.

तोवर ते अंड्याला घाबरत होते. आता अंड्यातल्याला घाबरायला लागले. मयुरीनं मात्र हात सरळ ठेवला.

भूपेंद्रनं धनसिंगला फोन लावला. तालुक्यात साप पकडायला त्यालाच बोलावतात. फोनवर सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज मोठा केला होता.

“मऊ आहे? लांबट? बाकीची एकमेकांना चिकटलेली?” धनसिंग विचारत होता. “मग सापाचीच. पालीचं लहान आणि कडक असतं, सरड्याचं बोराएवढं.”

“पण नाग का धामण, ते सांगा ना भाऊ.”

“अंड्यावर नाव लिहिलेलं नसतं. पिल्लू बाहेर येऊ दे, मग सांगतो. आता तिकडं यावलला एकाच्या स्वयंपाकघरात साप शिरलाय, मी तिथं आहे. पंचमी झाल्यावर येतो. तोवर मारू नका, जाळू नका. आणि ते अंडं फिरवू नका, वरची बाजू वरच राहू द्या. नाहीतर आतलं मरतं.”

मयुरीनं माझ्याकडे पाहिलं. वरची बाजू कोणती? माझ्या एका अंगाला शेणाचा ओला डाग होता. ती खालची, हे तिनं ओळखलं. खूण करायला हाताशी काही नव्हतं. तिनं कपाळावरची टिकली काढली आणि माझ्या डोक्यावर चिकटवली.

“अगं बाई!” धुरपदाबाईंचा हात तोंडाकडे गेला. “सापाले कुकू लावलं हिनं!”

“खूण आहे, आई. नुसती खूण.”

निकाल नानांनी दिला. तो मी अक्षर न् अक्षर ऐकला.

“धामन असल तर कोनी हात लावाचा नै. उंदरं खाते, आपल्या कामाची हाये. नाग असल तर ढीग पेटवाचा. घरात लेकरं-बाया हायेत.”

“पेटवूनच टाकू ना नाना, उगाच जोखीम कशाला?” भूपेंद्र म्हणाला. “तसाही खत उचलायला उद्या जेसीबी येतोय.”

“उद्या?” धुरपदाबाई कडाडल्या. “उद्या पंचमी हाये! माती उकराची नै, तवा ठेवाचा नै, आन् तू ढिगाले जाय लावतं? परवा काय कराचं ते कर.”

असा मला एक दिवस मिळाला. ढिगात पुन्हा हात घालायला कोणी तयार नव्हतं. म्हणून मयुरीनं श्रीखंडाच्या डब्यात खत भरलं, टिकली वर ठेवून मला त्यात बसवलं आणि डबा गोठ्याच्या कोनाड्यात ठेवला.

पंचमीला त्याच कोनाड्याखालच्या भिंतीवर धुरपदाबाईंनी गंधानं नाग काढला. मोठा फणा, फण्यावर दहाचा आकडा. तो मात्र सगळ्यांना लांबूनच ओळखू आला. कोणाला फोटो काढावा लागला नाही. बायकांनी त्याला दूध दाखवलं, लाह्या वाहिल्या, हात जोडले. “घरादाराले सांभाय रे बाबा,” असं त्याला सांगितलं. मी वरून ऐकत होतो. आणि माझ्यात तो असेल तर उद्या काय होणार, हेही मला माहीत होतं. सगळ्या गेल्यावर मयुरीनं एक लाही हळूच माझ्या डब्यात टाकली आणि कोणी पाहिलं नाही ना, म्हणून मागे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमीन थरथरायला लागली. जेसीबी आला होता. आतला भाडेकरू त्या आवाजानं भिंतीला धडका देऊ लागला. भीती आम्हा दोघांनाही सारखीच होती. फक्त त्याला निघून जायची सोय होती, मला नव्हती.

जेसीबीवाला प्रेमराज खाली उतरायच्या बेतात होता. तेवढ्यात बेबाबाईनं त्याला बातमी सांगितली. त्यानं खाली टाकलेला पाय वर घेतला आणि केबिनचं दार लावून घेतलं.

“आधी साप काढा, मंग मले बोलवा,” तो काचेआडून म्हणाला.

“एवढ्या लोखंडात बसलास न् घाबरतो?” नाना म्हणाले.

“लोखंडाले फट असते नाना.”

मग भूपेंद्र स्वतःच डिझेलचा कॅन घेऊन आला. ढिगाभोवती वाळकी पानं टाकायला त्यानं सुरुवात केली. “मयुरी, तो डबाही आण. एकदम होऊन जाऊ दे.”

मयुरी गोठ्यात आली. तिनं डबा उतरवला. माझ्या टिकलीच्या शेजारी एक बारीक चीर पडली होती. कागद कापल्यासारखी. चिरेतून एक इवलंसं ओलं नाकाड बाहेर आलं आणि पुन्हा आत गेलं.

ती डबा तसाच दोन्ही हातांत धरून अंगणात आली. तिच्या चेहऱ्याकडे पाहूनच सगळे थांबले.

“काय झालं?”

“निघतंय.”

सगळे एकदम पुढे आले आणि एकदम मागे गेले. भूपेंद्रच्या हातातला कॅन डचमळला, डिझेलचा वास सगळीकडे पसरला.

“फणा हाये का?” नानांनी विचारलं.

“जवळ जाऊन बघा ना नाना.”

“मले चष्मा नै. तू पाय.”

“बेबामावशी, तुम्ही बघा.”

“मी कायले पाहू? मले पोरं-बायं हायेत!”

माझी चीर वाढत होती. भाडेकरूनं डोकं बाहेर काढलं, मग मान, मग आणखी थोडं. ती मान रुंद होत होती की नुसती ताणली जात होती, हे पाहायला कोणीतरी वाकायला हवं होतं. सगळ्यात जवळ मयुरी होती. डबा तिच्याच हातात होता.

“सूनबाई, तू सांग,” नाना म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता. “नाग का धामन? तू म्हनशील तसं.”

या घरात आल्यापासून तिला कोणी कसला निर्णय विचारला नव्हता. भाजीत मीठ किती, हेसुद्धा नाही. आणि आता एकदम हे.

तिनं मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, ती निरखून बघतेय.

“धामण आहे,” ती म्हणाली.

भूपेंद्रनं कॅन खाली ठेवला. प्रेमराजनं जेसीबी मागे घेतला. “आठ दिवसांनी ये,” नानांनी त्याला सांगितलं. मयुरीनं डबा ढिगाच्या कडेला नेऊन आडवा ठेवला आणि ती पळाली.

मला मात्र एक गोष्ट दिसली होती, कारण मी तिच्या तोंडाच्या बरोबर खाली होतो. मान खाली घातली तेव्हा तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते.

भाडेकरू मला सोडून गेला. तोंड पुढं करून निघाला आणि मागे वळला नाही. मला दिसली ती फक्त शेपटी. तिच्यावरून काय ओळखणार? माझी भावंडंही त्या दिवशी आणि रात्रीतून रिकामी झाली. पानांखाली नुसती सळसळ होत राहिली.

दुसऱ्या दिवशी धनसिंग आला. त्यानं काठीनं पानं उलटी केली, टरफलं हातात घेऊन पाहिली.

“सगळी गेली. टरफलावरून आता सांगता येणार नाही,” तो म्हणाला. “पण वहिनींनी पिल्लू पाहिलंय ना? वहिनी, फणा नव्हता ना?”

मयुरीनं मान हलवली. हो की नाही, ते तिलाच ठाऊक.

“मग धामणच,” धनसिंग म्हणाला आणि निघून गेला.

तिथून पुढे घर निवांत झालं. नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “आपल्या मयात धामन व्यालीये. उंदरं कमी झाले पाय.” नागही उंदीर खातो, पण हे त्यांना कोण सांगणार? धुरपदाबाई अनवाणी गोठ्यात यायला लागल्या. कडब्याच्या पेंढ्या न बघता ओढायला लागल्या. भूपेंद्र तर बॅटरी न घेताच मोटर चालू करायला जाऊ लागला.

निवांत नव्हती ती एकटी मयुरी. मला तिनं ढिगावरून उचलून आणलं आणि पुन्हा कोनाड्यात ठेवलं. ती काठी आपटत गोठ्यात येते. आधी पेंढ्यांवर काठी मारते, मग उभी राहून ऐकते. कोणी घरातून बाहेर निघालं की तिची नजर आधी पायांकडे जाते. “चप्पल घालून जा ना, आई,” ती म्हणायची. “धामनीले कायले भेतं?” असं म्हणून सासूबाई हसायच्या. मग मयुरी कोनाड्याशी यायची आणि माझ्याकडे बघत राहायची. उत्तर माझ्याकडे असल्यासारखं. फोनवर आईला मात्र तेच सांगायची, बठ्ठं बरं शे.

एका दुपारी धुरपदाबाई अनवाणी आल्या. कोपऱ्यातल्या पेंढीखाली त्यांनी हात घातला. मयुरी गव्हाणीपाशी होती. आतून काहीतरी सळसळलं. वारा असेल, उंदीर असेल. मयुरीनं टोपली फेकली आणि आजवर या घरानं ऐकली नव्हती अशी किंचाळी मारली.

“हात काढा आई! मी पाहिलंच नव्हतं! डोळे मिटले होते मी त्या दिवशी!”

धुरपदाबाईंनी हात काढला. हळूहळू मागे आल्या. काय होतं ते दिसलं नाही. सळसळ पेंढ्यांच्या मागून भिंतीच्या फटीकडे गेली आणि थांबली.

मयुरी रडत होती. आता आपल्याला काय काय ऐकावं लागेल, याची ती वाट बघत होती.

धुरपदाबाईंनी कोपऱ्यातली काठी घेतली.

“मी बी डोये मिटले व्हते,” त्या म्हणाल्या. “तुह्या सासऱ्यानं बी. मी पायलं ना.”

मयुरीनं वर पाहिलं.

“मंग तुमी डोये मिटले व्हते तं मामंजींचे कसे दिसले?” तिच्या तोंडून चक्क सासरची बोली निघाली.

“एक मिटला व्हता,” धुरपदाबाई म्हणाल्या. “रडू नको. नानाले सांगू नको. चपला आन माह्या.”

तेव्हापासून गोठ्यात दोन काठ्या वाजतात. भूपेंद्रच्या उशाशी बॅटरी असते, ती कोण ठेवतं ते त्याला माहीत नाही. नाना अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला धामणीचं सांगतात. त्या वेळी दोघी सासू-सुना चहाच्या कपात बघत बसतात.

आणि मी? मी आता हात लावला तर तुटेन. पुढच्या वेळी ढीग उचलला की मीही खतात जाईन, मग एखाद्या केळीच्या बुडाशी. टिकली तेवढी मातीत राहील.

जाण्याआधी एवढंच सांगतो. मऊ, लांबट, चिकटून बसलेलं काही दिसलं, तर हात लावू नका. उलटं करू नका, आणि घाईनं नावही ठेवू नका. मी त्याला पोटात वाढवलं, तरी मला नाव सांगता आलं नाही. तो गेला तेव्हा माझ्या भिंतीला त्याचा ओला स्पर्श राहिला होता. आता तोही वाळला.

पेंढी ओढायची आहे ना? थांबा. आधी काठी आपटा.